लेदर बुटाच्या सोलची कड: घासणं, रंगवणं, घोटणं

बूट वरून आरशासारखा चमकतोय, नाड्या नव्या आहेत, तरी जोडी जुनाट दिसते. असं का, ते उभ्याने बघून कळत नाही. बूट उचलून डोळ्यांच्या पातळीला धरा. वरचं चामडं आणि जमीन यांच्यामध्ये जी अरुंद पट्टी आहे, ती बहुधा ओरखडलेली असते, कुठे पांढुरकी पडलेली, आणि पुढच्या टोकाला तर रंग पार उडालेला. ही सोलची कड. ती घरी नीट करता येते आणि नीट करताकरता तिचा रंगही बदलता येतो.

बाटली आणली, रंग फासला, झालं काम, असं मलाही वाटलं होतं. माझी पहिली जोडी दहा मिनिटांत रंगवून झाली आणि तिसऱ्या दिवशी तो रंग पँटच्या पायाला आतल्या बाजूने उतरलेला दिसला. आजही रंग लावायला मला तेवढाच वेळ लागतो. पण त्याआधी घासण्यात तास-दीड तास जातो, नंतर घोटण्यात अर्धा तास, आणि मधली एक रात्र बूट नुसते वाळत पडतात. सुट्टीच्या दोन दिवसांचं काम आहे असं धरूनच बसा.

कड आहे तरी काय

गुडइयर वेल्ट पद्धतीच्या बुटाला कडेशी किमान दोन थर असतात. वरचा वेल्टचा, म्हणजे बुटाच्या घेराभोवती शिवलेली चामड्याची अरुंद पट्टी, आणि तिच्याखाली सोल. जाड बांधणीच्या जोडीत मध्ये आणखी एक थर सापडतो. वेल्टवर दिसणारे टाके वेल्ट आणि सोल एकमेकांना धरून ठेवतात. (नावातला गुडइयर रबरवाला नव्हे, त्याचा मुलगा चार्ल्स गुडइयर ज्युनिअर. वेल्ट शिवायचं यंत्र त्याच्या नावावर आहे.) ब्लेक पद्धत त्याहून जुनी. लायमन ब्लेक यांचं पेटंट १८५८ सालचं. तिच्यात टाका बुटाच्या आतून थेट सोलमध्ये उतरतो, वेल्टची गरज नसते, म्हणून कड पातळ दिसते. अशा कडेवर घासायला चामडं कमी मिळतं, तेव्हा हात जरा आवरता ठेवायचा.

सोलसाठी वापरलेलं चामडं साधारणपणे वनस्पतींच्या टॅनिनने (सालीतल्या तुरट द्रव्याने) कमावलेलं आणि दाबून टणक केलेलं असतं. वरून त्याला गुळगुळीत पृष्ठभाग असतो, पण कडेला ते आडवं कापलेलं असतं. तिथे तंतूंची तोंडं उघडी असतात. लाकडी फळीचं कापलेलं टोक जसं पॉलिश पिऊन टाकतं आणि काळपट होतं, तसंच इथेही घडतं. म्हणून कारखान्यात कड तासतात, घासतात, शाई लावतात आणि मेण लावून गरम लोखंडाने घोटतात. ही तोंडं बंद झाली की पाणीही आत शिरत नाही आणि रंगही बाहेर येत नाही. आपल्याला ती उघडायची आहेत, रंग आत जाऊ द्यायचा आहे आणि पुन्हा बंद करायची आहेत. पुढचं सगळं यातच आलं.

रंग बसेल का, ते आधी बघा

कड रबराची असेल तर चामड्याचा रंग तिच्यावर बसणार नाही. काही दिवस थांबेल, मग पापुद्रे निघतील. सोल चामड्याचा पण वेल्ट प्लास्टिकची, असेही बूट मिळतात. अशा बुटाची वेल्टवरची टाक्यांची रांगही नुसती दिखाऊ असू शकते. ओळखायचं कसं? तळव्याच्या कमानीपाशी, आतल्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे बारीक सँडपेपर दोन-तीनदा फिरवा. चामड्याची मऊ, तपकिरी भुकटी पडते आणि खाली फिकट, मखमली पोत दिसतो. प्लास्टिकचे बारीक गोळे होतात आणि ओरखडा चकचकीतच राहतो.

टाचेकडे वेगळं बघावं लागतं. चांगल्या बुटाची टाच चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून केलेली असते. सगळ्यात खाली, जमिनीला लागणारा तुकडा बहुधा रबराचा. पण पुष्कळ जोड्यांत या चकत्या चामड्याच्या भुश्यापासून दाबून केलेल्या पुठ्ठ्याच्या असतात. हा पुठ्ठा रंग घेतो, पण ओला झाला की फुगतो. एका टाचेवर मी ओला फडका सढळ हाताने फिरवला होता. अर्ध्या तासात थर वहीच्या भिजलेल्या पानांसारखे उघडले आणि वाळल्यावरही पूर्ण बसले नाहीत. तिसरा प्रकार म्हणजे टाचेभोवती गुंडाळलेलं, थरांच्या रेघा छापलेलं प्लास्टिक. त्या रेघा अगदी सारख्या अंतरावर, पट्टीने आखल्यासारख्या दिसल्या तर शंका घ्या आणि टाच आहे तशी सोडा.

कोणता रंग

फिकटावरून गडदाकडे जाणं सोपं. उलट जायचं तर आधीचा रंग घासूनच काढावा लागतो, आणि तो किती खोल गेलाय ते घासल्याशिवाय कळत नाही. पहिलीच जोडी असेल तर गडद करा. काळी कड नैसर्गिक रंगाची करायची हौस असेल तर सोल बदलायची वेळ येईपर्यंत थांबा. नव्या सोलची कड कोरीच असते, तेव्हा कारागिराला फक्त सांगायचं की शाई लावू नका. मात्र वेल्ट जुनीच राहणार असेल तर तेवढी घासावी लागते.

दिसण्याचं म्हणाल तर फिकट कड नजर ओढते. बुटाभोवती एक रेघ उमटते, बूट रुंद आणि थोडा जड वाटतो, पेहराव सैलावतो. काळी किंवा वरच्या चामड्याहून गडद कड बुटाचा आकार आवळून धरते. गडद लाल बुटाला काळी कड मला सर्वांत आवडते. फिकट तपकिरी बुटाला मध्यम तपकिरी कड शोभते. त्याला एकदम काळी लावली की बूट आणि सोल दोन वेगळ्या जोड्यांचे वाटतात. काळ्या बुटाला फिकट कड हौशी लोक करतात, पण औपचारिक प्रसंगाला तो बूट चालणार नाही हे गृहीत धरावं. निळी, हिरवी, लाल कड? करा की, पण दुसऱ्या-तिसऱ्या जोडीवर.

ठरत नसेल तर एक बिनखर्चाची युक्ती आहे. विजेच्या कामाची काळी किंवा तपकिरी चिकटपट्टी कडेच्या जाडीएवढी कापा, बुटाभोवती चिकटवा आणि आरशासमोर उभे राहा. चार पावलं चाला. माझे दोन बेत असे आरशासमोरच रद्द झालेत.

सामान

सँडपेपर १८०, २४०, ४०० आणि ६०० नंबरचे. आकडा जितका मोठा तितका कागद बारीक. अ‍ॅसिटोन थोडंसं, मास्किंग टेप, रबरी हातमोजे, जुनी सुती बनियन फाडून केलेल्या चिंध्या, कान कोरायच्या कापूसकाड्या, एक बारीक चित्रकलेचा ब्रश, जुना टूथब्रश. घोटायला हाडाची किंवा गुळगुळीत लाकडाची पट्टी. तीही नसेल तर स्टीलच्या चमच्याची पाठ चालते. मधमाशांच्या मेणाचा किंवा कार्नोबा मेण मिसळलेला टणक गोळा. घोड्याच्या केसांचा ब्रश असेल तर उत्तम.

रंगाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण दुकानात तीन-चार प्रकारच्या बाटल्या शेजारीशेजारी उभ्या असतात. स्पिरिटमधला चामड्याचा रंग पातळ असतो आणि तंतूंमध्ये खोल जातो. रंग खरोखर बदलायचा तर हाच घ्या. ‘एज ड्रेसिंग’ नावाने, झाकणाला स्पंज लावून मिळणारा द्रव हा रंग आणि चकाकी यांचं मिश्रण असतो. आहे तोच रंग ताजा करायला तो छान, पण फिकट कड गडद करायला एकटा पुरत नाही, कारण तो बराचसा वरवरच बसतो. पट्टे आणि पिशव्यांच्या कडांना लावतात तो दाट अ‍ॅक्रिलिक रंग बुटाला लावू नका. सोल प्रत्येक पावलाला वाकतो, आणि चवड्यापाशी त्या जाड थराला भेगा पडतातच. रंग बदलायचा नसून फक्त डाग झाकायचे असतील तर यातलं काहीच नको, गडद मेण-पॉलिश पुरतं.

एक गोष्ट मुद्दाम आणू नका: लोखंडी तारेचा घासणीचा बोळा. गुळगुळीतपणासाठी तो वापरावासा वाटतो खरा. पण त्याचे बारीक कण चामड्यात अडकतात, आणि ओल लागली की लोखंड आणि टॅनिन यांची गाठ पडून निळे-काळे ठिपके उमटतात. जुन्या काळची काळी शाई हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि टॅनिन यांपासूनच बनायची, तोच हा प्रकार. काळी कड करायची असेल तर ठिपके दिसणार नाहीत, फिकट कडेवर मात्र ते आयुष्यभर राहतात.

घासणं

नाड्या काढा, बुटात लाकडी साचा घाला. साचा नसेल तर कागद घट्ट कोंबा, म्हणजे धरताना बूट दबणार नाही. वेल्टच्या खाचेत साचलेली धूळ टूथब्रशने काढा. आता मास्किंग टेप. ती वरच्या चामड्यावर, वेल्टला अगदी टेकून लावायची. टेप थेट लावली तर कधीकधी ती चामड्यावरची झिलई घेऊनच निघते, म्हणून आधी दोनदा आपल्या कपड्यावर चिकटवून तिचा चिकटपणा मारा. पायाच्या बोटांपाशी, जिथे वळण तीव्र आहे, तिथे लांब पट्टी सुरकुतते. तिथे बोटाच्या पेराएवढे तुकडे एकावर एक चढवत जा.

खिडकी उघडा. चिंधीवर अ‍ॅसिटोनचे थोडे थेंब घ्या आणि कड पुसा. चिंधी ओली नव्हे, जेमतेम दमट हवी. जुनं मेण आणि शाई चिंधीवर येताना दिसेल. टेप असली तरी वरच्या चामड्यापासून चार हात लांब राहा, कारण अ‍ॅसिटोन तिथला रंगही त्याच मायेने उतरवतं. हे द्रव्य चटकन पेट घेतं, तेव्हा जवळ ज्योत नको, सिगारेट नको. वापरलेल्या चिंध्या बाहेर पसरून वाळू द्या.

मग १८०चा कागद. तो बोटावर गुंडाळून घासलं तर कड मध्येच खोलगट होते आणि कोपरे गोल होतात. लहान सपाट लाकडी ठोकळ्याभोवती गुंडाळा, कडेच्या लांबीच्या दिशेने, लांब आणि हलक्या फेऱ्यांनी चाला. फक्त कमानीपाशी, जिथे कड आत वळते, तिथे ठोकळा बसत नाही, तिथे कागद पेन्सिलीभोवती गुंडाळा. कधी थांबायचं? ओरखडे गेले आणि वेल्ट व सोल यांच्यामधला सांधा हाताला लागेनासा झाला की थांबा. शिवणीची रांग कडेपासून काही मिलिमीटरच आत असते. खोल खड्डा काढायच्या नादात तिच्याजवळ जाऊ नका, त्यापेक्षा एक खड्डा राहू द्या. वेल्टच्या वरच्या पृष्ठभागावर टाक्यांच्या मधोमध दाबून उठवलेल्या बारीक खुणा असतील तर तिथे सँडपेपर नेऊच नका. त्या एकदा गेल्या की गेल्या.

२४०ने १८०च्या रेघा काढा, ४००ने २४०च्या. शेवटी ६०० फिरवायच्या आधी कड दमट फडक्याने एकदा पुसा (पुठ्ठ्याची टाच वगळून). ओल लागली की दबलेले तंतू उभे राहतात आणि कड खरखरीत होते. पूर्ण वाळल्यावर ६००ने तेवढे तंतू कापले की ते पुन्हा उठत नाहीत. ही एक पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग रंगवलेली कड हाताला मांजरीच्या जिभेसारखी का लागते, याचा विचार करत बसतात.

धूळ झटका. कड फिकट, कोरडी आणि सगळीकडे सारखी मंद दिसली पाहिजे. कुठे चकाकी दिसली तर तिथे मेण शिल्लक आहे, आणि रंग तिथे डाग सोडेल.

रंग

आधी चाचणी. टाचेची पुढची, कमानीकडची उभी बाजू यासाठी सोयीची. ओला रंग वाळलेल्यापेक्षा गडद दिसतो, म्हणून निदान अर्धा तास थांबून बघा. तपकिरी रंगात कधी लालसर, कधी हिरवट झाक असते आणि ती बाटलीवरच्या चित्रात कधीच नसते. फार गडद वाटला तर त्याच कंपनीच्या पातळ करायच्या द्रवाने सौम्य करा.

बूट कसा धरायचा? मी सुरुवातीला तो उलटा, सोल वर करून धरायचो, कारण कड तशी छान दिसते. मग एक थेंब ओघळला. उलट्या बुटात ओघळ वरच्या चामड्याकडे जातो, आणि माझ्या फिकट तपकिरी बुटाच्या नाकावर टेप चुकवून तो थेंब गेला तो कायमचा. बूट सरळ उभा ठेवा, एखाद्या डब्यावर, म्हणजे कड डब्याच्या बाहेर राहील. ओघळ आला तरी तो सोलच्या तळाकडे जाईल, जिथे चार दिवसांत तो झिजून जाणार आहे.

चिंधीची छोटी घडी कपड्याच्या चिमट्यात पकडा, रंगात बुडवा आणि बाटलीच्या काठावर चांगली निथळून घ्या. टपकता कामा नये. टाचेच्या एका टोकापासून सुरू करून पुढच्या टोकाला वळसा घालत दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता या. मध्ये थांबलात तर तिथे दुहेरी रंगाचा पट्टा उमटतो. वेल्टची वरची अरुंद पायरी बारीक ब्रशने किंवा कापूसकाडीने करा. टाके फिकट ठेवायचे असतील तर टाक्यांच्या दोन्ही बाजूंनी ब्रशच्या टोकाने रेघ ओढावी लागते. डोळे दुखतात, पण दिसतं सुरेख. मला घाई असते तेव्हा मी टाकेही रंगवून टाकतो. दोरा सिंथेटिक असेल तर तो रंग नीट धरत नाही आणि थोडा करडा पडतो, हे माहीत असू द्या.

पहिला हात कुठे गडद, कुठे फिकट असा ठिगळासारखा दिसेल. घाबरू नका. पंधरा मिनिटांनी दुसरा पातळ हात द्या, लागलाच तर तिसरा. एकच जाड हात देऊन काम उरकायचा मोह आवरा, जादा रंग आत न जाता वर सुकतो आणि तोच पुढे कपड्यांना लागतो. काळ्यासाठी एक लकब: पहिला हात गडद तपकिरी, मग काळा. नुसत्या काळ्यात निळसर झाक येते, ती अशाने दबते.

मग रात्रभर वाळू द्या. ऊन नको, हीटर नको.

घोटाई

सकाळी कोरड्या पांढऱ्या चिंधीने कड जोरात पुसा. चिंधीवर रंग येईल. चिंधी बदलत पुसत राहा, जवळजवळ कोरी निघेपर्यंत. माझ्या पहिल्या जोडीला मी हेच केलं नव्हतं.

आता मेणाचा गोळा कडेवर दाबून घासा. पांढरट, चिवट थर दिसेल, दिसू द्या. केस वाळवायच्या यंत्राची मंद गरम हवा हातभर अंतरावरून काही सेकंद द्या, मेण ओलसर दिसू लागलं की थांबा. जास्त तापवलं तर सोलचा गोंद सैल पडू शकतो, आणि चामडं आतून ओलं असेल तर ते आक्रसून कडक होतं. लगेच हाडाची पट्टी किंवा चमच्याची पाठ घेऊन कडेच्या लांबीने दाबून ओढा. जोर मनगटाचा नको, खांद्याचा हवा. पाच-सहा फेऱ्यांत हाताला फरक कळतो: आधी पट्टी अडखळते, मग सरकते, मग आवाज बदलतो. खरखर जाऊन बारीक चीं-चीं ऐकू येऊ लागली की तंतू बसले. मेण, ऊब, घोटाई, हे दोनदा करा. शेवटी ब्रश मारा.

नैसर्गिक रंगाची कड हवी असेल तर रंगाची पायरी गाळून थेट इथे यायचं, मात्र मेण बिनरंगी घ्या आणि हात स्वच्छ ठेवा. मेणाआधी ट्रॅगाकँथ डिंकाचा पातळ हात देऊन घोटलं तर चकाकी काचेसारखी येते. अशी कड उजेडाने आणि वापराने हळूहळू मधाच्या रंगाकडे झुकते. पावसात पहिल्यांदा भिजली की डागही पडतात, त्याला इलाज नाही.

टेप काढताना ती बुटाला समांतर, मागे दुमडत, सावकाश ओढा. रंगवताना वरच्या चामड्यावर रंग गेलाच तर तो तेव्हाच, लगेच कोरड्या कापसाने टिपायचा, पुसायचा नाही. पुसला की तो पसरतो. वाळलेला डाग मग वरच्या चामड्याच्या रंगाच्या क्रीम पॉलिशने झाकायचा, एवढंच हातात उरतं.

पहिल्या आठवड्यात फिकट पँट घालू नका. चालताना दोन्ही बुटांच्या आतल्या कडा एकमेकींना घासतात, तिथला रंग आधी जातो. जिन्याच्या पायरीला आपटून पुढचं टोक दुसरं. महिन्यातून एकदा या दोन जागांवर त्याच रंगाचं मेण-पॉलिश बोटाने लावून ब्रश मारला तर पुन्हा बाटली उघडायची वेळ लवकर येत नाही. बाटलीत रंग उरेल बराच. तिच्यावर कोणत्या बुटाला, किती हात दिले, ते चिठ्ठीवर लिहून चिकटवून ठेवा. वर्षाने पुढचं टोक दुरुस्त करायला बसाल तेव्हा तीन तपकिरींपैकी ही नेमकी कोणती, ते आठवत नाही.